अनुभव धागा: सुधारणा कारखान्यात आली, माणसं त्यात कधी आली?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कारखान्यात, जिनिंगात, दालमिलीत काम केलेल्यांनी लिहा. फाइव्ह एस (जागा आवरून नीट लावायची जपानी पद्धत), कायझेन (थोडी थोडी सतत सुधारणा) यांचे बोर्ड सगळीकडे लागतात. लोक मनापासून कधी लागले? भाषण नको, घडलेलं सांगा.

मीच सुरू करतो. आमचं चटईचं युनिट. भंगाराला लाल टॅग लावले, जमिनीवर पिवळे पट्टे मारले, फोटो निघाले. महिन्याभरात पट्ट्यांवर पुन्हा क्रेट! मग एक लूमवाला म्हणाला, "भाऊ, बॉबिनचा रॅक पाठीमागे आहे, दरवेळी पूर्ण वळावं लागतं. डाव्या हाताला घ्या." त्याच पाळीत वेल्डरकडून रॅकला चाकं बसवून घेतली. शेजारच्यांनी आपल्या जागा न सांगता आवरल्या.

शहादा, जिनिंग
कापसात केस, सुतळी, प्लॅस्टिकचा धागा जाऊ नये म्हणून बायांना टोप्या दिल्या. त्या उकाड्यात कोण घालतंय! दंडाची पाटी लागली, तरी नाही. मग फोरमनने रंगवलेलं निळं कापड आणलं, त्यावर पांढुरके ठिपके. पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे त्या प्लॅस्टिकचा धागा रंग धरत नाही, तो कापडात असा उघडा पडतो. एक मावशी म्हणाली, "मंग हे आधी दाखवायचं ना!" टोपीऐवजी सुती रुमाल बायांनीच सुचवला. पण माणसं हंगामी. पुढच्या वर्षी निम्म्या बाया नव्या, कापड पुन्हा काढावं लागलं.

धुळे, फॅब्रिकेशन
माझं उलटं आहे. सेटिंगचा, म्हणजे पुढच्या कामासाठी मशीन लावायचा वेळ कमी करा म्हणाले, आम्ही केला. ओव्हरटाइम बंद झाला, हातात पैसा कमी. नंतर सूचनापेटी उघडली तर आत गुटख्याच्या रिकाम्या पुड्या.

धागाकर्ता
पुड्या योग्यच म्हणेन. टोयोटाची सूचना योजना 1951 पासूनची, तिचे दाखले सगळे देतात. पण वाचलेल्या वेळेचं काय करणार हे आधी सांगितलं नाही, तर कोण स्वतःचा वेळ मोजून दाखवेल?

भुसावळ, देखभाल
आम्ही पेटी काढून फळा लावला. प्रत्येक सूचनेसमोर 'होईल' किंवा 'नाही', आणि 'नाही' असेल तर कारण. नकार मिळालेलेच जास्त लिहायला लागले.

जळगाव, दालमिल
तूर वाळली की नाही, हे आमचे नाना दाताखाली धरून सांगायचे. ओलाव्याचं मीटर आलं तेव्हा रुसले. मालकाने आठवडाभर दोन्ही आकडे शेजारी लिहायला लावले, तेही नानांच्याच हाताने. आता नवीन पोरांना मीटर तेच शिकवतात.
धुळेवाले भाऊ, ओव्हरटाइमचं पुढं काय झालं? युनियन होती का?