मदत हवी आहे : कांजिण्या होऊन गेल्या असताना आईला नागीण कशी उठली?

यंत्रमागवाला : आईला परवापासून नागीण उठली आहे. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या आणि त्या एकदा झाल्या की पुन्हा होत नाहीत, असेच आपण ऐकत आलो. मग त्याच विषाणूने इतक्या वर्षांनी डोके वर काढले तेव्हा प्रतिकारशक्ती काय करत होती? कृपया ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच लिहू नये.

होटगी रोड : वय, साखर, फोडांची जागा, चालू औषधे, यांतले आपण काहीच लिहिलेले नाही.

यंत्रमागवाला : वय ६६, साखर नाही. डाव्या बगलेखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा आहे. पदर लागला तरी ती कळवळते. माझा प्रश्न प्रतिकारशक्तीविषयी आहे.

जुनी चाळ : गेरू लावा. माझ्या चुलत्यांची नागीण त्यानेच बसली. मात्र तिचे तोंड आणि शेपूट भेटू देऊ नका, भेटले की माणूस हाती लागत नाही.

सूक्ष्मदर्शक : अशी भीती घालू नये. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मरत नाही, तो पाठीच्या कण्यालगतच्या नसांच्या गाठींत दडून बसतो. पुढे जागा झाला की बहुधा एकाच गाठीतून नसेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो, म्हणून आधी ठणका लागतो, मग फोड येतात आणि पट्टा अंगाच्या मध्यावर थांबतो. रक्तातल्या अँटीबॉडी बाहेरून येणाऱ्या विषाणूला अडवतात, त्यामुळे कांजिण्या सहसा पुन्हा होत नाहीत. पेशीच्या आत लपलेल्यावर पहारा असतो तो टी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा. वयाने किंवा औषधांनी हा पहारा ढिला पडला, की अँटीबॉडी भरपूर असूनही नागीण उठते. चुलत्यांचे म्हणाल, तर फोड दोन-चार आठवड्यांत एरवीही बसतात.

जुनी चाळ : पुस्तकातले आम्हांस सांगू नका, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

विजापूर वेस : पन्नाशीनंतर घ्यायची दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात मिळते. आईंना ती आजच द्यावी.

सूक्ष्मदर्शक : उठलेल्या नागिणीवर लस हा उपचार नव्हे. विषाणूरोधक गोळ्या फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर अधिक उपयोग होतो, आणि यांचा आज तिसरा दिवस आहे.

होटगी रोड : माझ्या मेहुण्यांना संधिवाताची इंजेक्शने देण्याआधी दडलेल्या क्षयाची तपासणी झाली होती, कारण ते औषध टीएनएफ नावाचा जो रेणू अडवते, त्याच्याच बळावर शरीर क्षयाचे जंतू गाठींत कोंडून ठेवते. म्हणून पुन्हा विचारतो, आई कोणती औषधे घेतात?

यंत्रमागवाला : सांधेदुखीसाठी दीड वर्षापासून स्टेरॉइडची गोळी चालू आहे. नागिणीशी तिचा संबंध असेल असे वाटले नाही.

सूक्ष्मदर्शक : संबंध असू शकतो, ती टी-पेशींना दाबते. परंतु ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात कोणी गरोदर आहे का? फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात.

यंत्रमागवाला : धाकटी भावजय सातव्या महिन्यात आहे आणि काल आईला गेरू तिनेच लावला. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे अक्कलकोटला तिच्या आईला फोन करून विचारतो आहे. दोघींनाही घेऊन दवाखान्यात निघालो.