लाकडी सांगाड्याच्या गाडीवर पत्रा कसा बसवायचा: खिळे, स्क्रू की ॲढेसिव्ह?

दोन_दारी:
१९३० च्या दशकातली उघडी टूरर (कापडी छताची मोटार) आहे. सांगाडा ॲशच्या लाकडाचा, दारं आणि मागची बाजू १.२ मिमी ॲल्युमिनियमची, डॅशबोर्डापुढचा स्कटल १ मिमी पोलादी पत्र्याचा. दारांचे खांब कुजले होते, ते नव्या लाकडाचे केलेत. नवे पत्रे जवळपास आकारात आलेत, पण अजून ठोकलेले नाहीत. बॉडी सध्या स्टँडवर आहे. आधी काय बसवायचं, किती अंतरावर खिळे मारायचे आणि लाकूड-पत्र्यात मध्ये काय घालायचं? ॲढेसिव्हने सगळंच चिकटवलं तर खिळ्यांची कटकट वाचेल का?

कुसू_आणि_खाच:
स्टँडवर एकही खिळा मारू नका. सांगाडा चासीवर चढवा, चासी चाकांवर उभी असू द्या आणि इंजिन-गिअरबॉक्स जागेवर असू द्या. या गाड्यांची चासी वजनाखाली वाकते. स्टँडवर जुळवलेली दारं चासीवर चढवल्यावर हमखास बिघडतात, आणि तोवर पत्रा लागलेला असला की मग दुरुस्तीला वावच राहत नाही. बॉडीचे बोल्ट पॅकिंगसकट पूर्ण आवळा, नुसत्या लाकडी चौकटीची दारं बिजागऱ्यांवर टांगा, कुलपं बसवा. दार लागतंय, उघडतंय, खांब ओळंब्यात आहे, एवढं झाल्यावरच पत्र्याकडे वळा.

दार आणि खांब यांच्यातल्या फटीचा हिशेब लाकडातच करावा लागतो. रंगानंतर ४ मिमी फट हवी असेल तर दाराच्या कडेवरचा पत्रा १.२, खांबावरचा १.२, आणि दोन्हीकडच्या प्रायमर-रंगाचे धरून सुमारे ०.६. म्हणजे लाकूड ते लाकूड ७ मिमी. कडेवर पट्टी लावणार असाल तर तिची जाडी वेगळी. हे विसरलं की शेवटी मुडपलेली कड कानशीने घासायची वेळ येते आणि नेमक्या वळणावर पत्रा पातळ होतो.

लाकडातला ओलावा १०-१२ टक्के असावा. खांबांचे शेंडे, म्हणजे जिथे रेषा उघड्या दिसतात ते भाग, आणि बिजागरीची भोकं आतूनसुद्धा सील करा. कूज तिथूनच शिरते.

पत्रेवाला:
त्यात भर घालतो. खिळा पत्र्याला जागेवर धरतो, आकार देत नाही. पत्रा हाताने ठेवल्यावर आपोआप बसला पाहिजे. लाकडावर खडू फासा, पत्रा दाबून काढा. जिथे खडू उमटला तिथे उंचवटा आहे, तो रंध्याने काढा. जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पातळ पट्टी चिकटवा. खिळ्याने ओढून बसवलेला पत्रा आठवडाभर छान दिसतो, मग मधोमध डबडब वाजायला लागतो.

दारासाठी: चारही बाजूंना १२-१५ मिमी जास्त पत्रा ठेवा, तो कडेवर ९० अंशांत मुडपायचा. बाहेरून डॉली (ठोकताना आधाराला धरायचा पोलादी ठोकळा) धरा, आतून लाकडी मोगरीने थोडं थोडं करत दोन-तीन फेऱ्यांत वळवा. खालच्या गोल कोपऱ्यात मुडप गोळा होतो. तो ठोकून आकसवा, नाहीतर बारीक त्रिकोणी काप द्या. आत वळलेल्या कडेला उलट होतं, मुडप ताणला जाऊन फाटतो. तिथे ॲल्युमिनियम आधी नरम करून घ्या: साबण चोळा, ज्योत फिरवा, साबण तपकिरी झाला की थांबा. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सरळ वितळतं.

खिळे फक्त मुडपावर, दार बंद केल्यावर न दिसणाऱ्या बाजूला. आधी प्रत्येक बाजूच्या मध्यापासून, समोरासमोर, १५० मिमीवर कच्चे मारा. सुरकुती नाही हे पाहून मधे भरत ३०-४० मिमीवर या. पत्र्याला खिळ्याच्या जाडीचं भोक, लाकडाला त्याहून बारीक. खिळा किंचित आतल्या बाजूला तिरका गेला की पत्रा ताणून धरतो.

पत्र्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूवर, स्क्रू मारून वरून पुट्टी भरू नका. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं आणि प्रत्येक डोक्याभोवती रंगात गोल चीर उमटते. चेहऱ्यावर खिळे टाळताच येत नसतील तर ती रेघ मोल्डिंगच्या पट्टीखाली आणा.

दोन_दारी:
आणि ॲढेसिव्ह?

कुसू_आणि_खाच:
संपूर्ण चिकटवण्याच्या मी विरोधात आहे. १.५ मीटर ॲल्युमिनियम ४० अंशांच्या फरकाने जवळपास १.४ मिमी लांबतं, पोलाद त्याच्या निम्मं. लाकूड रेषांच्या दिशेत तसं हलत नाही. कडक ॲढेसिव्ह ही ओढाताण सांध्यांवर टाकतं. शिवाय पुढे एक खांब बदलायचा झाला तर पत्राही गेलाच.

पत्रेवाला:
कडक नको हे मान्य. पण दाराच्या मधल्या आडव्या पट्टीवर लवचीक पॉलियुरेथेनचे तुटक ठिपके चालतात, पत्रा थरथरत नाही. सलग जाड रेघ मात्र नको. सुकताना ती पातळ पत्र्याला ओढते आणि चकचकीत रंगात बाहेरून उमटते.

जस्ताचा_वॉशर:
लाकूड-पत्र्यात काय घालायचं ते राहिलं. लाकडाला आधी प्रायमर-रंग, पत्र्याच्या आतल्या बाजूलाही. त्यांच्यामध्ये ब्यूटाइलची (चिकट, मऊ रबराची) पट्टी, किंवा जुन्या पद्धतीने रंगात भिजवलेली सुती पट्टी, ओली असतानाच. करकर इथेच थांबते. दाराच्या तळाशी फेल्ट वापरू नका, ते पाणी धरून ठेवतं. तळाच्या लाकडात ८ मिमीची दोन-तीन भोकं पाडा.

लाकडाला तांबंयुक्त प्रिझर्व्हेटिव्ह लावलं असेल तर ते ॲल्युमिनियमला खातं. पितळी स्क्रूचंही तेच: ओल मिळाली की स्क्रू शाबूत आणि भोवतीचा पत्रा पांढरी भुकटी. ओकचा तुकडा सांगाड्यात वापरला असेल तर त्याचं आम्ल पोलादी खिळे आणि पत्रा दोन्ही खातं.

वेल्डिंग पत्रा लाकडावरून काढूनच करा. फ्लक्स (वेल्डिंगच्या वेळी धातू साफ ठेवायला लावतात ते रसायन) वापरला असेल तर गरम पाण्याने दोन्ही बाजू घासून धुवा. मुडपात राहिलेला फ्लक्स रंगाखालून बाहेर येतो.

पोलादी मडगार्ड ॲल्युमिनियमच्या बॉडीला लागतात तिथे मधली पायपिंग (सांध्यात दाबून बसवलेली गोल कडेची पट्टी) शोभेची समजू नका, ती दोन धातू वेगळे ठेवते. बोल्ट येतात तिथे तिच्या पट्टीला खाचा कापा, सगळे बोल्ट सैल ठेवून ती सरकवा, मधल्या बोल्टापासून टोकांकडे आवळत जा. बोल्टांना नायलॉनचे वॉशर आणि भोकात नायलॉनची बुशिंग (बोल्टाभोवतीची नळी), नाहीतर पायपिंग घालूनही धातू बोल्टातून भेटतातच.