मदत हवी आहे: चरबीतील मूलपेशी नवव्या पॅसेजनंतर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये विभागण्याची फेरी) मंदावल्या

रेशीमगाठ: मानवी चरबीतून वेगळ्या केलेल्या मूलपेशी मी दीर्घकाळ कल्चरमध्ये वाढवत आहे. सुरुवातीला लांबट व निमुळत्या असलेल्या पेशी आता रुंद, पसरट दिसतात, फ्लास्क भरता भरत नाही आणि मेदपेशी घडवून ऑइल रेड ओने (चरबी लाल करणारा रंग) रंगवल्यावर लाल थेंब तुरळकच सापडतात. तरीही सीडी७३, सीडी९० व सीडी१०५ हे मार्कर (पेशींच्या पृष्ठभागावरची, ओळख पटवणारी प्रथिने) उत्तम येतात. मग बिघडले काय? अहवाल तोंडावर आला आहे, कृपया नेमके सांगावे.

मुळाकाठ: प्रत्येक वेळी किती प्रमाणात विभागता? माध्यमातले सीरम (रक्तातील द्रव) कोणते? १:२ ने विभागल्यास पेशींचे साधारण एक डबलिंग (संख्या दुप्पट होणे) होते, १:८ ने तीन. त्यामुळे नुसत्या ‘नवव्या पॅसेज’वरून पेशींचे वय कळत नाही.

थर्मस: माध्यमात एफजीएफ-२ (पेशींची वाढ वाढवणारे प्रथिन) घाला. आमच्याकडे त्यानेच काम झाले.

मुळाकाठ: वाढीचा वेग त्याने वाढेल, पण म्हाताऱ्या झालेल्या पेशी तरुण होणार नाहीत. आधी पीएच ६ वर बीटा-गॅलॅक्टोसिडेजची चाचणी (तीत म्हाताऱ्या पेशी निळ्या होतात) करून निळ्या पेशी मोजाव्यात.

थर्मस: मी सुरुवातीपासून घालण्याविषयी बोलत होतो.

हिमकण: पेशी गोठवताना १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींचे रक्षण करणारा द्रव) वापरावे आणि तापमान मिनिटाला १ अंश या गतीने उतरवावे.

रेशीमगाठ: गोठवण्याविषयी मी विचारलेले नाही. विभागणी १:८, सीरम गाईच्या गर्भाचे. मध्यंतरी त्याचा लॉट (उत्पादनाची तुकडी) बदलला. मार्कर बरोबर असताना पेशी म्हाताऱ्या कशा?

मुळाकाठ: ते मार्कर अशा मूलपेशी ओळखण्याच्या २००६ च्या किमान निकषांतले आहेत, त्यांवरून पेशींचा प्रकार ठरतो, तारुण्य नव्हे. सीडी३४ हा मार्कर मात्र पहिल्या काही पॅसेजमध्येच ओसरतो. आठ वेळा १:८ म्हणजे सुमारे २४ डबलिंग झाली, शिवाय पहिल्या फ्लास्कमधली वेगळीच. जुन्या लॉटवर समांतर फ्लास्क लावल्याशिवाय सीरमला दोष देऊ नये.

थर्मस: इतक्या दीर्घ कल्चरमध्ये पेशी कर्करोगी होतात, असा २००५ चा शोधनिबंध आहे.

मुळाकाठ: तो २०१० मध्ये मागे घेतला गेला, कारण कल्चरमध्ये बाहेरच्या कर्करोग पेशी मिसळल्या होत्या. मंदावलेल्या पेशी अचानक झपाट्याने वाढू लागल्या, तर मात्र एसटीआर चाचणी (डीएनएवरून पेशी कोणाच्या ते ओळखणारी) अवश्य करावी. रेशीमगाठ, तिसऱ्या पॅसेजच्या गोठवलेल्या कुप्या आहेत का? असल्यास त्या तरुण पेशींपासून पुन्हा सुरुवात करता येईल.

हिमकण: म्हणूनच गोठवण्याचे सांगितले होते.