मदत हवी आहे: डिस्टिल्ड पाण्याचा टी१ ३.६ ऐवजी २.०८ सेकंद का येतोय?

फिरकी_सोलापूर

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत पल्स एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रातल्या प्रोटॉनना रेडिओ पल्स देऊन त्यांचा सिग्नल मोजायचं तंत्र) टी१, म्हणजे प्रोटॉनचं एकत्रित चुंबकन मूळ पदावर सावरण्याचा कालांक, मोजायचा प्रयोग बसवतोय. कायमचुंबक, वारंवारता २० मेगाहर्ट्झ, ९० अंशांची (चुंबकन आडवं पाडणारी) पल्स ५ मायक्रोसेकंद. चुंबकाला स्वतःचं तापमान नियंत्रण नाही, खोलीचा एसी २५ वर असतो.

पद्धत इन्व्हर्जन रिकव्हरी: १८० अंशांची (चुंबकन उलटवणारी) पल्स, टाऊ इतका वेळ थांबायचं, मग ९० ची पल्स आणि सिग्नलची उंची. त्यानंतर ३ सेकंद थांबून पुढचं आवर्तन. सिग्नल शून्य होतो तो टाऊ ०.६९३ ने (२ चा नैसर्गिक लॉग) भागून टी१ काढतोय.

कॉपर सल्फेटच्या १० मिलिमोलर द्रावणात शून्यबिंदू ९४ मिलिसेकंदांवर, म्हणजे टी१ सुमारे १३६ मिलिसेकंद. हे पुन्हा पुन्हा तसंच येतं. पण डिस्टिल्ड पाण्याचा शून्यबिंदू १.४४ सेकंदांवर, म्हणजे टी१ २.०८. पुस्तकात २५ अंशांना ३.६ दिलाय. एवढी तफावत कशामुळे?

दुसरं असं की मे महिन्यात दुपारी तीननंतर सिग्नल शून्यापर्यंत उतरतच नाही, थोडा उरतो. सकाळी तसं होत नाही.

लोलक

तफावतीला दोन वेगळी कारणं आहेत, ती एकत्र करू नका.

पहिलं कारण म्हणजे ते ३ सेकंद. ०.६९३ चा नियम लागू होतो तो प्रत्येक १८० च्या आधी चुंबकन पूर्ण सावरलेलं असेल तरच. त्यासाठी किमान पाच टी१ थांबावं लागतं, तेव्हा ९९.३ टक्के सावरतं. द्रावणाला ३ सेकंद म्हणजे वीस टी१ च्या वर, म्हणून तिथे उत्तर बरोबर येतंय. पाण्याला तेवढ्यात जेमतेम एक टी१ मिळतो. अर्धवट सावरलेलं उलटवलं की ते शून्यावर लवकर पोचतं आणि टी१ कमी दिसतो.

नेमकं सूत्र: शून्यबिंदू = टी१ × एलएन(२ − ई^(−थांबा/टी१)). थांबा म्हणजे दोन आवर्तनांमधला वेळ, एलएन म्हणजे नैसर्गिक लॉग. यात थांबा ३ आणि टी१ २.९ घाला. ई^(−१.०३४) म्हणजे ०.३५५, २ मधून वजा करून १.६४५, त्याचा नैसर्गिक लॉग ०.४९७५, गुणिले २.९ म्हणजे १.४४. तुमचाच आकडा. तेव्हा तुमच्या नळीतल्या पाण्याचा टी१ मुळात २.९ च्या आसपास आहे.

राहिला २.९ ते ३.६ हा फरक. त्याचं मोठं कारण विरघळलेला ऑक्सिजन. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो प्रोटॉनना झटपट शिथिल करतो, म्हणजे मूळ पदावर आणतो. पुस्तकातला ३.६ हा हवा काढलेल्या शुद्ध पाण्याचा आहे. डिस्टिल्ड पाण्यात तांब्या-लोखंडाचे अंश उतरले असतील तर तेही भर घालतात. कॉपर सल्फेटचं द्रावण ज्या नळीत होतं तीच नुसती विसळून पाण्याला वापरू नका.

आता एक करा: शून्यबिंदूवरून टी१ काढणं सोडा, तो झटपट अंदाजापुरता ठीक. टाऊ ०.०५, ०.२, ०.५, १, १.५, २, ३, ५, ८, १२, १५ सेकंद घ्या, थांबा १५ सेकंद. प्रत्येक टाऊला चार आवर्तनं घेतलीत तरी १४-१५ मिनिटांत होतं. मग एम = ए × (१ − बी × ई^(−टाऊ/टी१)) असं तीन चलांचं (ए, बी, टी१) फिट करा, एम म्हणजे सिग्नलची उंची. बी ला २ वर बांधून ठेवू नका. थांबा अपुरा पडला किंवा १८० ची पल्स जरा चुकली तर ती चूक बी मध्ये जाते, टी१ वाचतो. मात्र ९० ची पल्स नेमकी हवी आणि थांबा सगळ्या टाऊंना तोच हवा.

डिटेक्टर फक्त मॅग्निट्यूड (चिन्हाशिवाय नुसती उंची) देत असेल तर शून्याआधीच्या बिंदूंना ऋण चिन्ह हाताने द्यावं लागेल. शून्याला अगदी लागून असलेले एक-दोन बिंदू फिटमधून काढा, तिथे नॉइजमुळे उंची खोटी वाढते.

फिरकी_सोलापूर

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. थांबा १५ केला, शून्यबिंदू २.०० वर गेला. फिटमधून टी१ २.८९. ३ सेकंदांचीच मालिका तीन चलांनी फिट केली तर टी१ २.८७ आणि बी १.६४. दुपारच्या अडचणीचं काय करावं?

उष्माघटक

ती अडचण चुंबकाची. निओडिमियम चुंबकाचं क्षेत्र दर अंशाला साधारण ०.११ टक्क्याने घटतं. प्रोटॉनची वारंवारता क्षेत्राच्या प्रमाणात असते, म्हणून २० मेगाहर्ट्झवर ते २२ किलोहर्ट्झ होतात. तुमच्या ५ मायक्रोसेकंदांच्या पल्सची ताकद वारंवारतेत मोजली तर ५० किलोहर्ट्झ. म्हणजे चुंबक एक-दोन अंश तापला तरी १८० ची पल्स नीट उलटवत नाही. आडव्या प्रतलात काही चुंबकन उरतं आणि तेच तुम्हाला शून्याजवळ दिसतंय.

मॅग्निट्यूड डिटेक्टरवर हे कळत नाही. मिक्सरचं (सिग्नल आणि पल्स यांच्या वारंवारतेतला फरक देणाऱ्या भागाचं) आउटपुट ऑसिलोस्कोपवर लावा. रेझोनन्स सुटला असेल, म्हणजे पल्सची वारंवारता प्रोटॉनच्या वारंवारतेशी जुळत नसेल, तर एफआयडीवर (पल्सनंतर विरत जाणाऱ्या सिग्नलवर) लाटा दिसतील. १०० मायक्रोसेकंदांची लाट म्हणजे १० किलोहर्ट्झचं अंतर. लाटा जाईपर्यंत वारंवारता सरकवा. हे प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर करा, दोन्हींत फरक पडला तर ती मालिका टाकून द्या.

सोलापुरात मे महिन्यात बाहेर ४२ असताना साधा एसी दुपारी खोली २५ वर धरू शकत नाही. त्यापेक्षा २८ ठेवा, ते दिवसभर टिकेल. स्थिरता महत्त्वाची, आकडा नाही. चुंबकाभोवती थर्माकोलची पेटी करा. वीज गेली तर आल्यावर लगेच मोजायला बसू नका, चुंबक खोलीच्या मागून कित्येक तास सरकत राहतो. सॅम्पलचं तापमान मात्र लिहून ठेवा: शुद्ध पाण्याचा टी१ दर अंशाला दोन-अडीच टक्के वाढतो.

आणि १८० शोधताना ९० ची दुप्पट करून मोकळे होऊ नका. एकच पल्स द्या, रुंदी वाढवत न्या, एफआयडी दुसऱ्यांदा वाढायच्या आधी जिथे नाहीशी होते ती १८०. दर पल्सनंतर १५ सेकंद थांबा. नळीत पाणी कॉइलच्या (नळीभोवतीच्या तारेच्या गुंडाळीच्या) उंचीहून कमी भरा, ५-६ मिलिमीटर पुरे. कॉइलबाहेरच्या पाण्याला अर्धीमुर्धी पल्स मिळते आणि शून्य कधीच स्वच्छ येत नाही.

फिरकी_सोलापूर

ऑक्सिजन काढायला सोपा मार्ग? व्हॅक्यूम लाइन नाही.

लोलक

आर्गॉन. टिग वेल्डिंगवाल्यांकडे असतो, चिंचोळी एमआयडीसीत चौकशी करा. बारीक नळीने १५-२० मिनिटं हळू बुडबुडे सोडा. वायू आधी पाण्याच्या दुसऱ्या बाटलीतून ओला करून घ्या, नाहीतर सॅम्पल उडून कमी होईल आणि थंडही पडेल. गोठवून हवा खेचायची पद्धत याहून चांगली, पण पाणी गोठताना फुगतं आणि नळी तडकते, म्हणून पाण्यासाठी ती टाळलेलीच बरी.

बुडबुडे संपल्यावर वरच्या जागेतही आर्गॉन राहील असं पाहून लगेच बूच लावा. पॅराफिल्म (ताणून लावायची मेणासारखी पट्टी) एकटी पुरत नाही, तासाभरात ऑक्सिजन परत शिरू लागतो. दोन मालिका लागोपाठ घ्या. दुसरीचा टी१ पहिलीपेक्षा कमी आला तर बूच गळतंय.