मदत हवी आहे: वेंगुर्ला रॉक्सचे पक्षी लांबूनच बघायचेत

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा, हायस्कूलात विज्ञान शिकवतो. नववीच्या पोरांना कॅलिफोर्नियातल्या आन्यो नुएवो बेटाबद्दल सांगितलं आणि पोरं लईच गुंतली बघा. इतकं लहानसं बेट, पूर्वी दीपगृह होतं ते १९४८ ला बंद झालं, मग १९५५ मध्ये एलिफंट सील हे मोठे समुद्री सस्तन प्राणी तिथं आले, जे तेलासाठी मारून मारून जवळजवळ संपवले होते. आता संशोधक त्यांच्या केसांवर यंत्र चिकटवतात, सील समुद्रात दीड किलोमीटरच्या खाली बुडी मारतो ते त्यातूनच कळतं, आणि कात टाकली की यंत्र आपोआप निघतं. ऑकलेट पक्षी जमिनीत बिळं करून घरटी करतात, पाय पडला की बीळ ढासळतं म्हणून लोकांना बेटावर सोडतच नाहीत. मला हे फार पटतं.

आपल्याकडं सील नाहीत, पण आंबोलीमार्गे खाली उतरलं की वेंगुर्ला आहेच, तिथं समुद्रातल्या खडकाळ बेटांवर, म्हणजे वेंगुर्ला रॉक्सवर, टर्न हे समुद्रपक्षी आणि गुहेत पाकोळ्या घरटी करतात. पोरांना बेटावर न्यायचंच नाहीये, घरटी सोडून पक्षी उडाले तर अंडी उन्हात राहतात.

तर किनाऱ्यावरून कुठनं नीट दिसतील? पावसाआधी कुठला महिना बरा? आणि बेळगाव, निपाणीकडं कुणाकडं स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी बघायची दुर्बीण) असेल तर एका रविवारी तो घेऊन आमच्यासोबत याल का? गाडीची, जेवणाची सोय आम्ही करतो. वनखात्याला आधी कळवावं लागतं का तेपण माहिती असल्यास सांगा.