संख्याशास्त्राची ओळख गावापर्यंत न्यायची कशी?

आकडेवाली_लातूर
लातुरात ज्या पाटीवर बघाल तिथं नीट नाहीतर जेईई. मी सीनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. प्रवेशाला आलेल्या पालकांचा एकच प्रश्न : "मॅडम, हे करून पुढं काय, बी.एड.?" भारतीय सांख्यिकी सेवा आहे, तिची परीक्षा यूपीएससी घेते, जिल्ह्याला सांख्यिकी कार्यालय आहे, सगळं सांगते. मान डोलावतात आणि रसायनशास्त्राचा फॉर्म भरतात. 29 जूनला, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या जयंतीला, सांख्यिकी दिन असतो. आम्ही पोस्टर स्पर्धा घेतो. पोस्टरं काढणारेच ती बघतात. यंदा वेगळं काय करावं?

गोदाकाठ
बॅनरवर एआय, डेटा सायन्स छापा. रांग लागेल.

आकडेवाली_लातूर
लागते हो. संभाव्यता शिकवायला घेतली की बाकं रिकामी.

जुना_कृषीसहायक, परभणी
ताई, पोस्टर राहू द्या, पीक कापणी प्रयोग दाखवा. सोयाबीनच्या विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे हेक्टरी उत्पन्नावर ठरते, हे बांधावरच्या माणसाला तोंडपाठ आहे. पण शेत निवडतं कोण? आम्ही गावात गेलो की कुणीतरी म्हणायचंच, "साहेब, त्या वाळलेल्या रानात टाका की प्लॉट." पण गट नंबर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या, अंकांवरूनच निघायचा. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं आत जायचं, तेही अंकच सांगायचे. मग खुंट्या ठोका, दोरी ताणा, आतलं कापा, मळा, काट्यावर घाला. दोरीवरचं झाड आतलं का बाहेरचं, यावरून हमरीतुमरी बघितलीय मी. प्लॉट लहान असला की कडेची झाडं आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. ही गोम संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी 1946 सालीच मांडली. साताऱ्याकडच्या बुध गावचा माणूस. प्लॉटच्या आकारावरून त्यांचं आणि महालनोबिसांचं चांगलंच वाजलं होतं. उतारा फुगला की विम्याची भरपाई गेली, एवढं सांगा, पालक खुर्ची सोडणार नाहीत.

बालाघाटी
पैसेवारी, म्हणजे गावाचं पीक रुपयाला किती पैसे आलं तो अंदाज, तीही घ्या. 50 पैशांच्या खाली का वर, यावर आमचा तालुका दरसाल तापतो.

आकडेवाली_लातूर
जूनमध्ये सोयाबीन कुठलं कापायला! मैदानावर चुन्यानं शेत आखते, दोरी-काटा आणते. काका, अंकांचा तक्ता घेऊन तुम्हीच या ना.

जुना_कृषीसहायक, परभणी
तक्ता आहे. पेरणी उरकली असली तर येतो.