मदत हवी आहे: विसरणं आणि चाल, दोन्ही एकदम बिघडलंय, लातूर-नांदेडकडं कुणाला दाखवावं?

मंडळी, औसा तालुक्यातल्या ७१ वर्षांच्या आजोबांसाठी विचारतोय. सात-आठ महिन्यांत अंग आखडलं, पाय घासत चालतात. विसरणंही त्याच सुमाराचं. अंगणात नसलेली लेकरं दिसतात, झोपेत हातपाय झाडतात. सकाळी नीट बोलतात, दुपारी पार हरवलेले. म्हणजे अल्झायमरपेक्षा लेवी बॉडी डिमेन्शियाचा (विसरणं, भास अन् आखडलेलं अंग एकत्र येणारा मेंदूचा आजार) संशय जास्त. (हालचालीचा त्रास विसरण्याच्या वर्षभर आधीपासून असता तर पार्किन्सन्सचा डिमेन्शिया म्हटलं असतं.) सारखं मागं पडणं, खाली बघता न येणं नाही, म्हणून पीएसपी (तोल अन् नजर बिघडवणारा मेंदूचा दुसरा आजार) सध्या बाजूला.

५ मिनिटं झोपवून बीपी १४०/८४, उभं केल्यावर ३ मिनिटांत ११२/७०. उभं राहिल्यावर बीपी पडतं असं म्हणायला वरचा आकडा २० नं उतरला तरी पुरे, इथं २८ नं उतरलाय. त्यांना येणारी चक्कर त्याचीच असावी.

रात्रीच्या गोंधळावर हॅलोपेरिडॉल (भास-भ्रमावरचं औषध) सुचवलं गेलंय, अजून दिलेलं नाही. लेवी बॉडीत त्यानं अंग एकदम ताठरून जिवावर बेतू शकतं. थरथरीसाठी देतात ते ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषधही नको, गोंधळ वाढतो.

तर, हे सगळं एकत्र बघणारे न्यूरोलॉजिस्ट लातूर-नांदेडात कोण? संभाजीनगरचा प्रवास त्यांना झेपणार नाही. रिवास्टिग्मिनचे (विसरण्यावरचं औषध) कातडीवर चिकटवायचे पॅच लातुरात मिळतात का? अन् घरी येऊन चालण्याचा सराव घेणारे फिजिओ असतील तर तेही सांगा.